ठकीने खाणे सोडले : एका बॉक्स टर्टलच्या अडीच महिन्यांच्या नोंदी

४ ऑक्टोबर, वजन ४०२ ग्रॅम

ठकीने शेवटचा घास २६ सप्टेंबरला घेतला, हे आज घरातल्या सगळ्यांच्या आठवणी जुळवून ठरवावे लागले. नेमकी तारीख एकालाही ठाऊक नव्हती, ही या वहीतली पहिली कबुली. कासव दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्यात काळजीचे काही नसते, असे आम्ही नऊ वर्षे मानत आलो आणि त्या सवयीने दोनाचे आठ दिवस झाले तरी कोणी मोजले नाहीत.

ठकी ही बॉक्स टर्टल जातीची प्रौढ मादी आहे. मागच्या पायांना चारऐवजी तीनच नखे असणारा तिचा प्रकार आहे. पोटाकडच्या कवचाला आडवी बिजागरी असल्यामुळे ती घाबरली की पुढचे आणि मागचे दोन्ही दरवाजे लावून घेते आणि मग तिच्याकडून काहीही कळत नाही. गेल्या वर्षीच्या तपासणीत तिचे वजन ४१८ ग्रॅम होते. त्याचे दहा टक्के म्हणजे साधारण ४२ ग्रॅम, म्हणून ३७६ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला आहे. त्याखाली वजन गेले की घरगुती उपाय बंद.

१४ सप्टेंबरला तिला जुन्या लाकडी पेटीतून नव्या, मोठ्या काचेच्या पेटीत हलवले होते. ती दिसायला सुंदर आणि महाग आहे, आणि आत्ता तरी सगळा संशय तिच्यावरच आहे.

५ ते ८ ऑक्टोबर

हे चार दिवस निव्वळ वाया गेले. स्ट्रॉबेरी, खरबूज, आळंबी, मीलवर्म (एका किड्याच्या अळ्या), गांडूळ, उकडलेले अंडे, पुन्हा स्ट्रॉबेरी अशी पदार्थांची मिरवणूक तिच्यापुढून काढली. दिवसातून चार वेळा चिमट्याने घास तिच्या तोंडाशी नेऊन हलवला आणि चारही वेळा तिने कवच मिटून घेतले. चौथ्या दिवशी तर माझी सावली पडताच दार लागले. म्हणजे तोवर ती केवळ उपाशी होती, आता ती मला भ्यायलाही लागली.

यापुढे दिवसातून एकदाच, सकाळी, पेटीत पाण्याचा फवारा मारून झाल्यावर जिवंत गांडूळ सपाट दगडावर ठेवायचे आणि खोलीतून निघून जायचे, असे ठरवले. पावसानंतर गांडुळे आणि गोगलगायी बाहेर पडतात, म्हणून ओल आली की बॉक्स टर्टल शिकारीला निघते. तिचा तो जुना हिशेब वापरून पाहायचा आहे.

९ ऑक्टोबर

आजची नोंद लांब आहे, कारण आज पहिली खरी चूक हाती लागली.

पेटीबरोबर आलेला गोल काट्याचा तापमापक काचेला आतून, दिव्याच्या उंचीवर चिकटवलेला होता आणि तो इमानाने ३१ अंश दाखवत होता. आज तारेच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल तापमापक आणून त्याचे टोक दिव्याखाली, जमिनीवर, म्हणजे कासव जिथे प्रत्यक्ष बसते तिथे ठेवले, तर आकडा आला २४.५. थंड कोपऱ्यात २०. ऊन खाण्याच्या जागी २९ ते ३२ अंश आणि थंड बाजूला २१ ते २४ अंश हवे असताना, ठकी गेले २५ दिवस अशा पेटीत राहत होती जिच्यात उबदार जागाच नव्हती. कासवाच्या शरीरात स्वतःची ऊब तयार होत नाही, त्यामुळे एवढ्या तापमानात पचन मंदावते, आणि पोटातले पुढे सरकत नसेल तर वरून आणखी घालण्याची इच्छा तिला होणार नाही.

कारण साधे होते. नवी पेटी जुनीपेक्षा उंच आहे आणि दिवा वरच्या जाळीवर ठेवलेला होता. दिवा तोच, पण अंतर वाढले.

दिवा जाळीतून आत घेऊन साखळीने खाली टांगला आणि घाईत इतका खाली टांगला की तासाभरात खालचा दगड ४१ अंशांवर गेला. सुदैवाने ठकी त्या वेळी दुसऱ्या टोकाला होती, नाहीतर पायाला आणि पोटाला भाजले असते. दर वेळी दोन बोटे वर घ्यायचे, अर्धा तास थांबायचे, पुन्हा मोजायचे, असे करत ३१ अंशांवर यायला सहा तास गेले. थर्मोस्टॅट जोडल्यावरच दिव्यापासून दूर झाले.

११ ऑक्टोबर, वजन ३९८

अतिनील किरणांची नळी दोन वर्षे जुनी निघाली. ती डोळ्यांना लख्ख दिसते, म्हणून चालू आहे असे समजून चाललो होतो. प्रत्यक्षात अशा नळीचा दिसणारा उजेड टिकतो आणि यूव्हीबी, म्हणजे कासवाला लागणारा अतिनील भाग, मात्र महिन्यागणिक घटत जातो, त्यातून ती जाळीच्या वर होती आणि बारीक जाळी उरलेल्यातलाही मोठा वाटा अडवते. उसन्या आणलेल्या यूव्ही निर्देशांकाच्या मीटरने कासवाच्या पाठीच्या उंचीवर ०.१ दाखवले. नवी नळी आत बसवल्यावर दिव्याखालच्या जागी १.५ आणि सावलीत शून्य मिळाले. सावली राखणे महत्त्वाचे आहे, कारण हे कासव जंगलाच्या कडेचे, पाचोळ्यातले आहे, उघड्या माळावरचे नव्हे.

रात्रीसाठी लावलेला लाल दिवाही काढला. कासवांना रंग उत्तम दिसतात आणि लाल-पिवळ्या फळांकडे ती रंगामुळेच ओढली जातात. सगळीकडे लालच उजेड असेल तर लाल स्ट्रॉबेरी आणि पांढरी बशी यांत फरक तो काय उरणार? मी संध्याकाळच्या फेऱ्या नेमक्या त्याच उजेडात घातल्या होत्या. आता रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आहे.

लाकडाच्या सालीचे तुकडे अंथरले होते, तेही काढले. ते दिसायला नीटस, पण आर्द्रता ३८ टक्क्यांवर. त्यांच्या जागी कोकोपीट, साधी माती आणि वाळली पाने यांचा १५ सेंटिमीटर जाड थर दाबून, ओला करून घातला आणि आर्द्रता ७५ वर आली. काचेच्या तीन बाजूंना बाहेरून तपकिरी कागद लावला, कारण पारदर्शक भिंत ही भिंत आहे हे तिला उमगत नाही आणि ती तासन् तास काच खरवडत कडेने चालत राहते.

हे सगळे एकाच दिवशी केले, ही दुसरी चूक. ती आता सुधारली तर कशाने सुधारली हे सांगता येणार नाही, आणि बिघडली तरी सांगता येणार नाही.

१४ ऑक्टोबर, वजन ४०९ (खोटे)

काल आणि आज ठकी पानांतून बाहेर आली, दिव्याखाली मान लांब करून बसली, मातीत खड्डा करून पाहिला. परवापासून रोज वीस मिनिटे कोमट पाण्यात बसवतो आहोत. पाणी साधारण २८ अंश आणि हनुवटीच्या खालीच राहील एवढेच. आज वजनकाट्यावर ४०९ पाहून घरात आनंदीआनंद झाला.

संध्याकाळी लक्षात आले की वजन पाण्यातून काढल्यावर घेतले होते आणि ती बराच वेळ मान बुडवून पाणी पीत होती. पोटात गेलेल्या पाण्याचेच ते ग्रॅम. यापुढे वजन एक दिवसाआड, सकाळी, पाण्यात बसवण्यापूर्वीच घ्यायचे. पाण्यात तिने पांढरे युरेट, म्हणजे लघवीबरोबर पडणारा घट्ट भाग, टाकले. ते मऊ होते, खडूसारखे कडक नव्हते, म्हणजे शरीर अगदी कोरडे पडलेले नाही.

गांडुळाला मात्र तोंड लावलेले नाही.

१६ ऑक्टोबर, वजन ३९४

कासवे पाळण्याचा दीर्घ अनुभव असलेल्या एका स्नेह्यांनी फोनवर सांगितले की दिवस लहान होऊ लागले की बॉक्स टर्टलचे खाणे आपोआप कमी होते, ती शीतनिद्रेची तयारी असते, तेव्हा दिवे बंद करून तिला थंड जागी ठेवून द्यावे. यातले पहिले वाक्य खरे आहे, म्हणूनच मी दोन दिवस त्यावर गांभीर्याने विचार केला. पण ठकीला वर्षभर बारा तास उजेड मिळतो आणि मागच्या आठ हिवाळ्यांत तिने एकदाही खाणे सोडलेले नाही. शिवाय ज्याच्या प्रकृतीबद्दल शंका आहे आणि ज्याचे वजन उतरते आहे, असे कासव शीतनिद्रेत घालायचे नसते, कारण त्या अवस्थेत प्रतिकारशक्ती जवळजवळ थांबते आणि आतला आजार मात्र पूर्ण थांबत नाही. दिवे चालूच ठेवले. तरीही लिहून ठेवतो की दुसऱ्या रात्री मी थर्मोस्टॅटपाशी हात नेला होता.

१७ ऑक्टोबर

जवळच्या पशुवैद्यांकडे नेले. त्यांच्याकडे प्रामुख्याने कुत्री आणि मांजरे येतात. त्यांनी वजन पाहिले, डोळे पाहिले, बी जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आणि भूक लागली की खाईल असे सांगितले. तोंड उघडून पाहिले नाही आणि मीही तसा आग्रह धरला नाही, कारण काही विशेष नाही हेच मला ऐकायचे होते. या समाधानात पुढचे पाच दिवस गेले.

२० ऑक्टोबर, वजन ३८७

आज मोठा अपघात होता होता टळला. पोटात जंत असतील या कल्पनेने जनावरांसाठीचे जंतनाशक आणून ठेवले होते. बाटली उघडण्यापूर्वी मागचे बारीक अक्षर वाचले तर घटकांत आयव्हरमेक्टिन. हे औषध कुत्र्याला किंवा गाईला दिले जाते, कासवाला मात्र ते विषच ठरते. त्याने आधी हातपाय लुळे पडतात आणि मग श्वास थांबतो. बाटली घराबाहेर गेली. विष्ठा तपासल्याशिवाय जंताचे कोणतेही औषध द्यायचे नाही, हे आज पहिल्या पानावर ३७६ च्या खाली लिहिले.

२२ ऑक्टोबर

गेल्या १८ दिवसांतली सर्वांत उपयोगी गोष्ट मुलीने केली. तिने जुना फोन पेटीच्या कोपऱ्यात उभा केला, चित्रण चालू केले आणि आम्ही तिघेही शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. पाऊण तासाच्या चित्रणातली शेवटची दोन मिनिटे आम्ही दहा वेळा पाहिली.

ठकी दगडापाशी येते. गांडूळ वळवळते. ती मान तिरकी करून एका डोळ्याने त्याच्याकडे पाहते, मान पुढे काढते, तोंड उघडते, पण पुरते उघडत नाही. चोचीच्या टोकात गांडूळ धरते, एकदा चावते आणि सोडून देते. मग पुढचा पाय उचलून डोळ्याच्या मागे, जबड्यापाशी, दोनदा घासते. पुन्हा गांडुळाकडे पाहते आणि वळून निघून जाते.

“बाबा, तिला हवंय ते,” मुलगी म्हणाली, “पण तिला चावता येत नाहीये.”

अठरा दिवस मी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत होतो, की हिची भूक का गेली? भूक गेलेलीच नव्हती, निदान पूर्ण गेलेली नव्हती. खायचे नसणे आणि खाता न येणे या दोन गोष्टी ताटातल्या उरलेल्या गांडुळावरून सारख्याच दिसतात, आणि आपण समोर उभे असलो तर कवचही दोन्ही वेळा सारखेच मिटलेले असते. हे चित्रण मी पाच तारखेला केले असते तर काय काय वाचले असते, त्याचा हिशेब आज करत नाही.

२३ ऑक्टोबर, वजन ३८१

पाण्यात बसवल्यावर पाचेक मिनिटांनी ती मान बाहेर काढते, तेव्हा टॉर्च धरून दोन्ही बाजूंनी डोके पाहिले. कासवाला बाहेरचा कान नसतो. डोळ्याच्या मागे, जबड्याच्या कोनाच्या वर, कातडीचा एक गोल, सपाट ठिपका असतो, तोच कानाचा पडदा. उजवीकडचा सपाट आहे. डावीकडचा हरभऱ्याएवढा फुगलेला आहे.

हे इतके दिवस दिसले कसे नाही, याचे उत्तर फोनमधल्या छायाचित्रांनी दिले. पेटीची डावी बाजू भिंतीला लागून आहे, दिवा पुढच्या टोकाला आहे, त्यामुळे ती नेहमी उजवा गाल आमच्याकडे करून बसते आणि आमच्याकडे तिची दोनशेहून अधिक छायाचित्रे उजव्या बाजूची आहेत. समोरून काढलेले एकच मिळाले, ३० ऑगस्टचे. ते मोठे करून पाहिले तर डावीकडे मुगाच्या दाण्याएवढा उंचवटा स्पष्ट आहे.

३० ऑगस्ट म्हणजे काचेची पेटी आणण्याच्या पंधरा दिवस आधी. ज्या पेटीला मी तीन आठवडे आरोपी ठरवले होते, ती निदान मूळ गुन्ह्यातून तरी सुटली. थंडीने आणि कोरडेपणाने शरीराची झुंजण्याची ताकद कमी केली असणार, पण सुरुवात जुन्या पेटीतच झालेली होती.

२६ ऑक्टोबर, वजन ३७४

लाल शाईचा आकडा ओलांडला. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्य दोन तासांच्या अंतरावर मिळाल्या. ठकीला झाकणाच्या डब्यात ओल्या पंचावर ठेवून, डबा कोमट पाण्याच्या बाटल्यांमध्ये बसवून नेले.

तपासणी तासभर चालली. डोळे स्वच्छ, नाकातून बुडबुडे नाहीत, श्वास तोंडाने नाही, चोच वाढलेली नाही. तोंड लाकडी चपट्या काडीने अलगद उघडल्यावर घशात डाव्या बाजूला, कानाकडून येणाऱ्या नळीच्या तोंडाशी, पिवळट ठिपका दिसला. निदान मधल्या कानात गळू. एक्स-रे काढला तो मुख्यतः अंडी अडकली आहेत का हे पाहण्यासाठी, कारण खाणे सोडलेल्या मादीबाबत ती शंका आधी फेडावी लागते आणि नर जवळ नसला तरी मादी अंडी धरू शकते. अंडी नव्हती, फुप्फुसे मोकळी होती. विष्ठेत बारीक जंतांची अंडी थोडी सापडली, पण अशक्त जनावराला त्यासाठी आत्ता औषध देणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

“तिला खायला काय देता?” हा प्रश्न आला तेव्हा माझी उत्तरे देता देता पंचाईत झाली. मीलवर्म, काकडी, केळे, पुन्हा मीलवर्म. या आहारात अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. ते कमी पडले की कानाची नळी, डोळे, श्वासमार्ग यांचे आतले मऊ, ओलसर अस्तर जाड आणि खरखरीत होते, त्याच्या पेशी झडून नळीत साचतात आणि त्यात जंतू वाढतात. माझ्या हाताखाली वर्षानुवर्षे हे होत होते आणि ती ते आवडीने खात होती. अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन लगेच द्यावे का, असे मी विचारले, तर त्यांनी नकार दिला. मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते, त्यामुळे हा तुटवडा आहारातून भरून काढायचा.

शस्त्रक्रियेआधी तीन दिवस कातडीखाली सलाइन आणि पेटीत दिवसभर २८ ते ३० अंश. कोरड्या पडलेल्या, थंड कासवाला ना भूल झेपते, ना औषध लागू पडते.

२९ ऑक्टोबर

शस्त्रक्रिया झाली. कानाच्या पडद्याला खालच्या बाजूने छेद देऊन आतला गोळा बाहेर काढला. तो आम्हाला बाटलीत दाखवला. वाटाण्याएवढा, पिवळट आणि दाबलेल्या पनीरासारखा घट्ट. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू माणसासारखा पातळ होऊन वाहत नाही, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशींत तो विरघळवणारी विकरे नसतात. त्यामुळे बाहेरून मलम लावून किंवा नुसत्या प्रतिजैविकाने असे गळू जात नाही, ते कापून काढावेच लागते. जखम शिवली नाही, आतून भरत यावी म्हणून उघडी ठेवली आहे.

खर्चाबद्दल एकच सांगतो. दिवे, प्रोब, नळी, थर्मोस्टॅट आणि माती या सर्वांवर मिळून जेवढे गेले त्याच्या सुमारे तिप्पट तपासणी आणि शस्त्रक्रियेला लागले. दिव्यांचा खर्च कधी ना कधी करावाच लागला असता. शस्त्रक्रियेचा मात्र पूर्णपणे टाळता आला असता.

३० ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर

३० तारखेला सकाळी, पूर्ण शुद्धीवर आल्यावर, डॉक्टरांनी नळीने पातळ आहार पोटात सोडला आणि मगच घरी सोडले. माती जखमेत जाऊ नये म्हणून पेटीत फक्त ओले कागदी रुमाल, रोज बदललेले. लपायला उलटे कुंडे.

दिवसातून एकदा सुई नसलेल्या सिरिंजने, डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने कानाची पोकळी धुवायची आणि दर ७२ तासांनी पुढच्या पायाच्या स्नायूत प्रतिजैविकाचे इंजेक्शन, एकूण पाच. पहिले त्यांनी दिले, उरलेली चार आमच्याकडे. लिहायला एवढेच, पण ज्या प्राण्याला दरवाजे लावून घेता येतात त्याला इंजेक्शन देणे म्हणजे काय, हे १ नोव्हेंबरला कळले. ती मिटली. मी वाट पाहिली. ती उघडली, मी हात पुढे केला, ती मिटली, आणि बिजागरीत माझे बोट सापडले. कवच बोटांनी उचकटायचा प्रयत्न करू नये, त्यात तिच्या बिजागरीला इजा होते आणि आपल्या नखालाही. पाऊण तास गेला.

चार तारखेपासून क्रम बदलला. आधी कोमट पाण्यात दहा मिनिटे, मान-पाय बाहेर आले की एकाने मागून दोन्ही हातांनी उचलायचे आणि दुसऱ्याने बोट पायाच्या मागे, काखेत सरकवून पाय धरून ठेवायचा. बोट आत असले की ती दार पुरते लावत नाही. हे दोन माणसांचे काम आहे. प्रत्येक वेळेनंतर हात साबणाने धुवायचे, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जंतू असणे ही सामान्य गोष्ट आहे.

४ नोव्हेंबर, वजन ३६४

सर्वांत खालचा आकडा. घरात थोडी वादावादी झाली. चमच्याने चोच उघडून भरवावे असे पत्नीचे म्हणणे होते आणि तिची कळकळ मला समजत होती. पण जिभेमागेच श्वासनलिकेचे तोंड असते, झटापटीत घास तिथे गेला तर फुप्फुसात जातो, आणि जबड्याशेजारी ताजी जखम असताना तो जबडा ताणणे तर नकोच. डॉक्टरांकडे नेऊन दुसऱ्यांदा नळीने आहार दिला. अजून आठवडाभर स्वतः खाल्ले नाही तर मानेतून आतच राहणारी नळी बसवू, असे त्या म्हणाल्या. त्याची सगळी तयारी मनाने केली.

९ नोव्हेंबर, वजन ३६६

सकाळी ६.४० वाजता तिने अर्धे गांडूळ खाल्ले.

फवारा मारला होता, मोठा दिवा अजून लागलेला नव्हता, फोन कोपऱ्यात होता. चित्रणात ती तोंड पूर्ण उघडते, मग क्षणभर थांबते, जणू दुखण्याची वाट पाहते आहे, आणि मग चावते. उरलेले अर्धे पुढच्या पायाने दाबून तोडते आणि सोडून जाते. उपासाचा ४४ वा दिवस.

११ नोव्हेंबर

आनंदाच्या भरात काल पाच गांडुळे ठेवली आणि तिने पाचही खाल्ली. आज तिने कशाकडेही पाहिले नाही आणि माझी झोप पुन्हा उडाली. डॉक्टरांनी फोनवर सौम्य शब्दांत खडसावले. दीड महिना रिकाम्या असलेल्या आतड्यावर एकदम भार टाकायचा नसतो. एक दिवसाआड, तिच्या डोक्याच्या आकाराएवढेच अन्न. दोन दिवसांनी तिने पुन्हा खाल्ले आणि १४ तारखेला पहिली विष्ठा झाली, जिचे घरात झालेले स्वागत इथे वर्णन करत नाही.

१७ नोव्हेंबर, वजन ३७३

कानाची पोकळी भरून आली, धुणे बंद. ठकी पुन्हा मातीत आणि पुन्हा जुन्या लाकडी पेटीत. तिच्या भिंती अपारदर्शक आहेत, उंची कमी आहे, दिवा हवा तिथे टांगता येतो आणि ओल टिकावी म्हणून आतून प्लॅस्टिकचे अस्तर घातले आहे. सोडल्यावर तिने अर्ध्या तासात स्वतःला पानांखाली पुरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दर्शन दिले नाही. महिन्यापूर्वी मी तिला उकरून काढले असते.

६ डिसेंबर, वजन ३८८

आहार बदलण्याचे काम शस्त्रक्रियेपेक्षा चिवट निघाले. किसलेला लाल भोपळा आणि गाजर तिने तीन आठवडे तुडवले, खाल्ले नाही. गांडूळ भोपळ्याच्या लगद्यात घोळून दिले तर ती गांडूळ पुसून घेतल्यासारखे खाते. शेवटी चालले ते असे : गांडुळाचे बारीक तुकडे, उकडलेला भोपळा, चिरलेली हिरवी पाने आणि एखादी चुरडलेली स्ट्रॉबेरी सगळे इतके एकजीव करायचे की निवडता येऊ नये. वर आठवड्यातून दोनदा कॅल्शियमची पूड. मीलवर्म पंधरवड्यातून एकदा आणि तेही दोन दिवस गाजरावर पोसलेले, म्हणजे निदान त्यांच्या पोटातून तरी गाजर आत जाते. अधूनमधून कवचासकट गोगलगाय, पण ती घरात वाढवलेलीच, कारण बागेतल्या गोगलगायींवर विषारी गोळ्यांचा प्रयोग झालेला असू शकतो.

२० डिसेंबर, वजन ४००

डाव्या कानाचा पडदा उजव्यापेक्षा किंचित आत गेलेला राहील, त्याने काही अडत नाही असे डॉक्टर म्हणतात. उजवा सपाट आहे. विष्ठेची तपासणी पुन्हा जानेवारीत होईल आणि जंतांचे काय करायचे ते तेव्हा ठरेल. दर रविवारी सकाळी वजनाबरोबर तीन छायाचित्रे काढतो, डावीकडून, उजवीकडून आणि समोरून, आणि वहीत तारखेसमोर चिकटवतो.

काचेची पेटी विकली गेली नाही. तिच्यात आता ठकीसाठी गांडुळांची पैदास चालू आहे. प्रोब तिथे २० अंश दाखवतो आणि गांडुळांची त्याबद्दल तक्रार नाही.